आई रोजच सुटते

मुलांनो,

माझ्या वाढदिवसाला तुम्ही केलेला व्हिडिओ मी बऱ्याच वेळा पाहिला. फोटो चांगले निवडलेत, धाकट्याने मागे वाजवलेला पियानोही सुरात आहे. पण थोरलीने मराठीतून जे वाचलंय त्यातल्या दोन वाक्यांना माझी हरकत आहे. एक, "आमच्या आजीने घरासाठी स्वतःचं सगळं सोडलं." दोन, "नोकरी आणि संसार सांभाळताना तिने आयुष्यभर तारेवरची कसरत केली."

मी काहीही सोडलेलं नाही. आणि तारेवर मी कधी चढले नाही. मी गिरगावातल्या फुटपाथवरून चालत बस स्टॉपवर जायचे, बसने परळला जायचे, काम करायचे आणि परत यायचे. त्यात कसरत कसली?

एरवी हे मी फोनवर सांगून मोकळी झाले असते. पण तुमच्या आजोबांनी तो व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "किती सोसलंत हो तुम्ही!" मी भाजी आणायला निघाले होते. शिवाय याच महिन्यात तुमच्या आईने व्हँकुव्हरच्या ऑफिसातलं वरचं पद घेतलं, आता तिला घरी यायला उशीर होणार, आणि त्यावरून तुम्ही दोघं गाल फुगवून बसला आहात, हेही माझ्या कानावर आलं आहे. तेव्हा लिहूनच पाठवायचं ठरवलं.

खरं तर इंग्रजीतून लिहिणं मला सोपं गेलं असतं. माझी सगळी शाळा इंग्रजी, लॅबमधलं लिखाणही इंग्रजी. पण ही गोष्ट एका मराठी शब्दावर उभी आहे आणि त्याला इंग्रजीत जोड सापडत नाही. शब्द आहे 'सुटणे'. अडेल तिथे आईला विचारा. या गोष्टीत ती चार वर्षांची आहे, पण आपल्याला सगळं आठवतं असं ती म्हणते. तिला काही आठवत नाही. तरी विचारा.

तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. दोन खोल्या आणि पुढे सगळ्यांची मिळून एक गॅलरी. घरात तुमचे आजोबा, मी, तुमची आई आणि माझ्या सासूबाई. आजोबा माझगावच्या गोदीतल्या ऑफिसात होते. मी परळच्या एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये. रोग्यांच्या घशातून, जखमेतून घेतलेले नमुने काचेच्या बशीत वाढवायचे, त्यात कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाने मरेल हे वॉर्डात कळवायचं, हे माझं काम.

मला ते काम फार आवडायचं. व्हिडिओत हे वाक्य कुठेच नव्हतं, म्हणून इथे वेगळं लिहिते. घरखर्चाला माझा हातभार लागायचा हे खरं, पण मी तेवढ्यासाठी जात नव्हते. सकाळी कपाटातून बशी काढून उजेडाकडे धरली की त्यात काय उगवलंय ते दिसायचं, आणि ते आधी मला दिसायचं, डॉक्टरांना नंतर.

लॅबची शिस्त मी घरीही आणली होती. फडताळातल्या प्रत्येक डब्यावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर आत काय आहे ते आणि भरल्याची तारीख. सासूबाई मालवणकडच्या. त्या म्हणायच्या, "माझ्या पण कपाळार एक चिकटव गो. तारीख मात्र घालू नको."

दिवसभर तुमच्या आईला त्याच सांभाळायच्या. आता शब्दाकडे येते. मुंबईत शाळा संपत नाही, सुटते. ऑफिस सुटतं, सिनेमा सुटतो, एके काळी गिरण्या सुटायच्या. तसंच माणूसही सुटतं. "किती वाजता सुटतेस?" असंच आम्ही एकमेकींना विचारायचो. लॅबमधून निघण्याआधी मी घरी फोन करायचे आणि एकच शब्द बोलायचे, "सुटले." फोन उचलायचा मान तुमच्या आईचा. ती रिसीव्हर तसाच टाकून गॅलरीभर ओरडत पळायची, "आई सुटली! आई सुटली!" मग सासूबाई उठून रिसीव्हर जागेवर ठेवायच्या आणि चहाच्या तयारीला लागायच्या.

त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पोरीला कोणी सांगितला नव्हता. फार दिवस अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं की आपल्याकडे म्हणतात, "सुटली बिचारी."

त्या वर्षी सासूबाई मोरीत घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण नीट चालायला काही महिने लागणार होते आणि चाळीचे जिने त्यांना चढता येणार नव्हते. तुमच्या आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, दादरला राहायच्या. त्यांच्या इमारतीला लिफ्ट होती. त्या सासूबाईंना आपल्याकडे घेऊन गेल्या. हे त्यांनी मनापासून केलं, ते आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी फार गोड लिहिणार नाही.

सासूबाईंना टॅक्सीत बसवून झालं आणि वन्सं माझ्याकडे वळल्या.

"आईचं मी बघते. आता तू तेवढी नोकरी सोड."

"का?"

"का म्हणजे? पोरीला कोण बघणार?"

"काहीतरी व्यवस्था करीन."

"व्यवस्था! पोर म्हणजे काय तुझी ती काचेची बशी आहे, झाकण लावून कपाटात ठेवायला?"

मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बघू." हा त्यांचा आवडता शब्द. अजूनही आहे.

वर घरात आल्यावर मी त्यांना विचारलं, "तुम्ही का नाही सोडत?" टोमणा नव्हता, खरंच विचारलं. ते हसले. मी हसत नाही हे त्यांना दिसलं. मग पुन्हा "बघू" म्हणाले.

मी रजा घेतली होती आणि ती वाढवून मिळणार नव्हती. माझ्या टेबलावर बसायला दुसरं माणूस तयारच होतं. रजा संपेपर्यंत पोरीची सोय झाली नाही तर मी राजीनामा द्यायचा, असं घरात कोणी बोललं नाही, पण सगळे तसंच धरून चालले होते. मला ती नोकरी हवी होती. माझं पणाला लागलं होतं ते एवढंच.

सोय सापडली ती घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, खोताच्या वाडीत. लाकडी घर, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात तीन-चार पोरं. घर एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती बाईंचं. नवरा वारलेला, मुलं आखातात. सगळी वाडी त्यांना आंटी म्हणायची. मी त्यांना प्रश्न विचारायला म्हणून गेले, तर त्यांनीच मला विचारले.

"पोर जेवते काय नीट? दुपारची झोपते? आनी तू येळेवर येशील ना गो? पोरं दाराकडं बघत बसतात ते मला बघवत नाय."

मी म्हटलं, निघण्याआधी रोज फोन करीन.

"मंग ठेव," आंटी म्हणाल्या.

वन्संना हे कळलं आणि त्यांचा दादरहून फोन आला.

"तिथे काय काय शिजतं ठाऊक आहे का तुला?"

"आज वालाची भाजी होती."

"आणि उद्या?"

"उद्या बोंबील असतील. वन्सं, आपण काय शाकाहारी आहोत का?"

"तो प्रश्न नाही. आई असताना पोर दुसऱ्याच्या दारात, लोक काय म्हणतील?"

"आई कामाला गेलीय म्हणतील."

"मी येऊन बघणार आहे. न सांगता येणार आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी कामावर रुजू झाले. तुमची आई रडली का? हो, सुरुवातीला रोज रडली. मी गेले आणि रोज परत आले. मग रडायची थांबली. एकदा तिला ताप होता. मी सकाळी डॉक्टरांना दाखवलं, औषध आंटींच्या हातात दिलं आणि लॅबला गेले, कारण आदल्या दिवशी लावलेल्या एका बाळंतिणीच्या नमुन्याच्या निकालाची वॉर्डात वाट बघत होते. पोरीचा ताप उतरला, आणि बाळंतीणही बरी होऊन घरी गेली. यात माफी मागण्यासारखं मला तेव्हा काही दिसलं नाही, आताही दिसत नाही.

वन्सं बोलल्याप्रमाणे न सांगता आल्या. नेमकी त्याच दिवशी सकाळी वाडीच्या शेवटच्या घरातली एक म्हातारी वारली होती. खूप दिवस आजारी होती. संध्याकाळी तिला न्यायचं होतं, म्हणून आंटी काळा फ्रॉक घालून तयार होत्या आणि रडून त्यांचे डोळे लाल झाले होते. मला परळला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी नेहमीसारखा आंटींच्या घरी फोन केला, तुमच्या आईने उचलला, मी "सुटले" म्हटलं आणि बस पकडली.

पुढचं बोलणं मी नंतर वन्संकडून आणि आंटींकडून वेगवेगळं ऐकलं आणि जुळवून घेतलं. वन्सं पायरीशी आल्या तशी तुमची आई "आत्या!" म्हणून धावली.

"आई कुठाय गं तुझी?"

"आई सुटली!"

वन्संनी मान वर केली तर दारात काळ्या कपड्यातल्या आंटी रुमालाने डोळे पुसत उभ्या.

"अहो, काय झालं?" वन्संनी विचारलं.

सकाळपासून वाडीत पाऊल टाकणारा प्रत्येक जण आंटींना हेच विचारत होता. "काय होनार, बाय," त्या म्हणाल्या. "सकालीच गेली. इस्पितळातनं आनली तवाच आमी समजलो."

"इस्पितळातनं?"

"हां. आता तिकडं शेवटच्या घरात ठेवलीय. तुमी पोरीची आत्या ना? बरं झालं आलात. जरा पोरांकडं बघा, मी मेनबत्ती लावून येतंय."

"त्या जंतूंत हात घालतेस, एक दिवस घात होईल," असं वन्सं मला नेहमी बजावायच्या. तो दिवस आला, अशी त्यांची खात्रीच झाली. कशाबशा आत गेल्या, आंटींच्या फोनवरून गोदीत फोन लावला, "खोताच्या वाडीत ये, तुझी बायको गेली रे," एवढं बोलल्या आणि पायरीवर येऊन बसल्या.

मी वाडीत वळले तेव्हा टोकाला गर्दी होती आणि अलीकडे आंटींच्या पायरीवर वन्सं तुमच्या आईला छातीशी कवटाळून रडत होत्या. सासूबाईंना काही झालं की काय! मी धावणार तेवढ्यात त्यांचे शब्द ऐकू आले.

"सोन्यासारखी गं माझी भावजय! कधी उलटून बोलली नाही! घरासाठी झिजली, झिजली, स्वतःसाठी काही म्हणून मागितलं नाही!"

वन्संना भावजय एकच. आदल्याच रविवारी मी त्यांना चांगलं उलटून बोलले होते.

तुमची आई मिठीतून मान बाहेर काढून त्यांची समजूत घालत होती. "आत्या, रडू नको ना. आई रोजच सुटते."

"पोरीला कळत पण नाही गं!" म्हणून वन्संनी आणखी मोठा गळा काढला.

मी लगेच पुढे झाले नाही. मला ऐकायचं होतं. आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की ही बाई जिच्यासाठी रडते आहे ती मी नाहीच. न बोलणारी, न मागणारी, नुसती झिजणारी अशी कोणी आमच्या घरात कधी राहतच नव्हती. तुमचा व्हिडिओ पाहताना मला तीच पायरी आठवली. पियानो तेवढा नव्हता तिथे.

"वन्सं, कोण गेलं?" मी विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. मग उठून त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी ओरडले.

"मेले, जिवंत आहेस तू!"

"हो. मेथी घ्यायला थांबले होते."

तोवर वाडीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली आणि तुमचे आजोबा पळत आले. मला उभी पाहून ते थांबले. जवळ आले. माझ्या हातातली पिशवी त्यांनी काढून घेतली.

"यात काय आहे?"

"मेथी."

"मेथी," ते म्हणाले, आणि पिशवी मांडीवर घेऊन बहिणीशेजारी पायरीवर बसले.

आंटी परत आल्या. काय घोटाळा झालाय हे कळल्यावर त्यांनी कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला आणि सगळ्यांना पाणी आणून दिलं. "एका दिवसाला एक मयत पुरे हाय, बाय, आमच्या वाडीला," त्या म्हणाल्या आणि घाईने पुन्हा टोकाच्या घराकडे गेल्या.

वन्संनी पदराने तोंड पुसलं. रडू ओसरलं तसा राग वर आला. "हे असले शब्द पोरीच्या तोंडात! आई घरी असती तर हे झालं असतं का? ते काही नाही. उद्याच्या उद्या राजीनामा दे. आणि तू रे, नुसता बसू नकोस, सांग हिला."

मी तोंड उघडलं, पण आजोबा आधी बोलले.

"ताई, टॅक्सीत माझ्या डोक्यात एकच होतं. आता पोरीला कोण बघणार. डोंगरी येईपर्यंत तेच. मग म्हटलं, आंटी आहेत. मी गोदीतून सुटलो की हिला घेऊन घरी जाईन. जमेल."

"मग?"

"मग काही नाही. नोकरी सोडायचा विचार माझ्या मनात आलासुद्धा नाही. आणि तू तरी म्हणाली असतीस का मला, सोड म्हणून?"

वन्संनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"नसतीस म्हणाली. म्हणजे ही गेली असती तरी पोर इथेच राहिली असती आणि मी कामावर गेलो असतो. मग ही आहे तर हिने का सोडायची?"

त्यांचं इतकं लांबलचक बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यानंतरही फारसं ऐकलेलं नाही.

"बघू," वन्सं म्हणाल्या. भावंडंच ती.

"बघायचं काही नाही," मी म्हटलं. "वन्सं, मघाशी माझ्याविषयी जे म्हणत होतात ते मी खरोखर गेल्यावर म्हणा. तोवर मी उलटून बोलणार, मला हवं ते मागणार आणि रोज सकाळी परळला जाणार. रोज सुटेन. सोडणार नाही."

"घरी जायचं ना?" तुमच्या आईने विचारलं. घरी गेलो. मेथी आजोबांनी निवडली, देठांसकट. वन्सं जेवायला थांबल्या आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या. राजीनाम्याचा विषय त्या रात्री निघाला नाही, नंतरही कधी निघाला नाही.

त्या दिवसापासून घरात सगळं अर्धं अर्धं झालं, असं मात्र समजू नका. डबे मीच भरायचे, शाळेच्या सभांना मीच जायचे. पण आठवड्यातले दोन दिवस पोरीला आणायचं काम आजोबांकडे गेलं. त्या दिवशी ते गोदीतून फोन करायचे, "सुटलो," आणि तुमची आई व्हरांड्यात जाहीर करायची, "आज बाबा सुटला!" आंटींना सवय झाली.

सासूबाई काठी घेऊन का होईना, पण चालत घरी परतल्या. दादरला त्यांनी सगळं ऐकलंच होतं. दारातूनच म्हणाल्या, "मेलंस म्हणान आयकलंय. बरा झाला. आता शंभर वर्सां जगतलंस." मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं त्या मानायच्या. मग फडताळ उघडून सगळे डबे पाहिले आणि चहापत्तीची पट्टी सुटायला आलीय हे मला दाखवून दिलं.

मी त्याच लॅबमध्ये निवृत्तीपर्यंत काम केलं, आणि निघाले तेव्हा तिची प्रमुख होते. वन्सं गेल्या तेव्हा मी खूप रडले, पण त्यांच्याविषयी खरं होतं तेवढंच बोलले. त्यांना तेच आवडलं असतं असं नाही.

तेव्हा व्हिडिओतली ती दोन वाक्यं काढून टाका. त्या जागी थोरलीने एवढंच वाचावं: "आमच्या आजीला तिचं काम आवडायचं आणि ती रोज घरी परत यायची." आजोबांना मी सोसायटीच्या ग्रुपवर तो नवा व्हिडिओ टाकायला लावणार आहे. लिफ्टमधल्या बाईंना तो मी स्वतः दाखवीन. आणि तुमच्या आईला उशीर होईल तेव्हा हवं तर दाराकडे बघत बसा. गाल फुगवू नका. ती येते.

आमची चाळ पाडली. त्या जागेवरच्या टॉवरमध्ये आम्ही राहतो. आंटी नाहीत. त्यांचं घर आहे, पण व्हरांड्यात हल्ली कोणी बसत नाही. सकाळी मी चहा टाकते तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळ असते, आणि घरच्या ग्रुपवर तुमच्या आईचा एका शब्दाचा मेसेज येतो, "सुटले." नवं पद घेतल्यापासून तो उशिरा येतो. आज चहा पिऊन झाल्यावर आला. तो शब्द आमच्या घरात अजून चालू आहे.